कर्दे-मुरूडच्या पुळणीवर गाडी नेलेली चालते का?

प्रश्न – घाटउतार
डिसेंबरात दापोलीला जातोय. गाडी फोर बाय फोर, टायर एटी (ऑल-टेरेन, कच्च्या रस्त्यांवरही चालणारे). रील्समध्ये सर्रास पाण्याच्या कडेने गाड्या पळवताना दिसतात. कायद्याने चालतं का? ओहोटीला कडक वाळूवरून नेली तर काय बिघडतं? आणि अडकलीच तर?

सुरूबन
पाटी नाही म्हणजे परवानगी आहे, असं धरून चालू नका. मोटार वाहन कायद्यात जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती प्रत्येक जागा ‘सार्वजनिक जागा’ ठरते, मग रस्ता असो वा नसो. म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४ पुळणीवरही लागतं. बेदरकारपणाला भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, कुणाचा जीव धोक्यात आला तर १२५. जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश असेल तर तो मोडल्याचं २२३ वेगळं.

सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) २०१९ च्या अधिसूचनेत वाळूचे डोंगर आणि कासवांच्या विणीच्या जागा सगळ्यात कडक वर्गात, सीआरझेड-१ए मध्ये आहेत. सुरूच्या झाडांपुढचा वेलींनी धरलेला वाळूचा उंचवटा चाकाखाली फुटला की पावसाळ्यात समुद्र तिथूनच आत घुसतो.

गोव्यात तर सरळ बंदी आहे. पर्यटन खात्याच्या २०२२ च्या आदेशात दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत होता.

उधाण
‘कडक वाळू’ या शब्दावरच सगळे फसतात. कडक असतो तो मधला ओलसर पट्टा. वर सुरूकडे कोरडी भुसभुशीत वाळू, खाली पाण्याने तुडुंब भरलेली. खालच्या वाळूवर गाडी चालती असेपर्यंत तरते. फोटोसाठी थांबलात की प्रत्येक लाट टायरभोवतीची वाळू उपसून नेते, आणि दहा मिनिटांत चेसिस टेकते. त्यानंतर फोर बाय फोरचा काही उपयोग नाही, चारही चाकं मिळून खड्डाच खणतात. वहाळ (ओढा) जिथे समुद्राला मिळतो तिथली वाळू वरून सारखी दिसते, आतून पोकळ असते.

भरतीचा हिशोब: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला साधारण ३ वाजता पूर्ण भरती, तर ९ ला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी सकाळी ६ च्या आसपास. तेव्हा पुळण सगळ्यात रुंद दिसते, म्हणून लोकांना मोह होतो. पण ते उधाणाचे दिवस. सहाला रुतलेली गाडी बाराला पाण्यात. पाणी सारख्या वेगाने चढत नाही; सहा तासांतल्या तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मी भरती येते. पहिले दोन तास ‘अजून लांब आहे’ वाटतं तिथेच घात होतो.

घाटउतार
ठीक, नेत नाही. तरी अडकल्यावर काय करतात ते सांगून ठेवा.

पान्हा-पक्कड
चाक जागेवर फिरलं की ॲक्सिलरेटर सोडा. माणसं, सामान उतरवा. चारही टायरची हवा १६-१८ पीएसआयवर आणा. चाकांपुढची आणि डिफखालची (डिफ म्हणजे डिफरन्शियल, दोन चाकांमधला गिअरचा गोळा) वाळू हाताने काढा, फ्लोअर मॅट घाला, ट्रॅक्शन कंट्रोल बंद, लो रेंज (फोर बाय फोरचा हळू पण जोरकस गिअर), आणि आल्या चाकोरीतून रिव्हर्स. कमी हवेवर झटक्यात वळू नका, टायर रिमवरून निसटतो. दोन प्रयत्नांत हलली नाही तर गावातला ट्रॅक्टर बोलवा. दोर टो हुकलाच बांधायचा, बंपरला नाही. ताणलेल्या दोराजवळ कुणी उभं राहायचं नाही.

इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर स्टार्टर मारू नका, आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. इंजिन प्रोटेक्ट कव्हर नसेल तर हायड्रोलॉकचा (पाणी शिरून इंजिन जाम होण्याचा) खर्च साध्या पॉलिसीत मिळत नाही. नुसती लाट लागली असेल तरी त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. डिफचं तेल दुधाळ दिसलं तर बदलाच.

सुरूबन
एक राहिलं. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वेळास, केळशी, आंजर्ले सगळं याच पट्ट्यात. घरटं जेमतेम दीड फूट खोल, वरून काही कळत नाही. पिल्लं चाकोरीत पडली की वर चढता येत नाही, उन्हात नाहीतर कावळ्यांच्या तोंडी जातात. प्रजाती वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, तिथे दंडावर निभावत नाही.

उधाण
हौसच असेल तर केरळात कन्नूरजवळ मुळप्पिलंगाड. जवळपास ४ किमीची घट्ट पुळण, पैसे भरून गाडी नेतात. निघण्याआधी तिथल्या पर्यटन कार्यालयात त्या दिवसांत चालू आहे का विचारा.