जुनी डिझेल फोर्कलिफ्ट: सेल्फ नुसता 'टक' करतो, बॅटरी बसते, ॲक्सिलरेटरची केबल तापते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीत आमचं फेटलिंगचं छोटं शेड आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही रायझर (ओतकामात कास्टिंगला राहिलेले जादा धातूचे खुंट) तोडून, ग्राइंडिंग करून परत पाठवतो. मालाचे लोखंडी बिन उचलायला ३ टनी डिझेल फोर्कलिफ्ट आहे, १२ व्होल्टची. चार वर्षांपूर्वी जुनी घेतली, मशीन पंचवीस वर्षांच्या पुढचं. इंजिन, मास्ट, हायड्रोलिक अजून ठणठणीत आहेत. त्रास सगळा विजेचा.

सकाळी पहिला सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) बरा लागतो. दुपारनंतर गाडी बंद करून परत चावी मारली की 'टक' असा एकच आवाज येतो आणि पुढे काही नाही. दहा मिनिटं थांबलं तर कधी लागतो, कधी नाही.

साप्ताहिक सुट्टीनंतर बॅटरी पार बसलेली असते. ८८ एएचची (अँपिअर-तासाची) बॅटरी आहे, आठ महिन्यांपूर्वीच नवी घातली. चार्जिंगचा दिवा मात्र चावी दिली की लागतो आणि इंजिन चालू झालं की विझतो, म्हणजे डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) ठीक असावा असं मी धरून चाललोय.

ब्रेक दाबला की मागचे दिवे मंद पेटतात आणि रिव्हर्सचा हॉर्न बारीक आवाजात वाजतो. लिव्हर न्यूट्रलला असतानासुद्धा.

आणखी एक गोष्ट आमच्या ऑपरेटरदादांनी परवा सांगितली. तीन-चार वेळा सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल हाताला चटका बसेल इतकी तापते. पेडलही जड येतं. मी स्वतः हात लावून पाहिला, खरं आहे. याचा विजेशी संबंध आहे का, हे मला कळत नाही.

आतापर्यंत सेल्फ खोलून कार्बन आणि बुश बदलले, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्वीच) नवीन टाकला, चावीचा स्वीच बदलला. फरक शून्य. इलेक्ट्रिशियन म्हणतो, अख्खं वायरिंग काढून नवीन करू, पंचवीस हजार. खर्च करायचा तर करू, पण नेमका दोष कशात आहे ते तोही सांगत नाही.

मी आज लिहायला बसलो त्याचं खरं कारण वेगळं आहे. मंगळवारी सेल्फ लागेना म्हणून आमच्या एका पोराने खाली उभं राहून स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडले. लिव्हर फॉरवर्डला होती. इंजिन लागलं आणि गाडी पुढे सरकली. ऑपरेटरदादा सीटवर होते, त्यांनी ब्रेक दाबला म्हणून पोरगं बिन आणि काट्यांच्या मधे सापडलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडी तेव्हापासून उभी आहे. दोष सापडल्याशिवाय ती चालवायची नाही असं ठरवलंय.

कुणी असा अनुभव घेतला असेल तर कुठून सुरुवात करू ते सांगा. माझ्याकडे साधा मल्टीमीटर आहे.

प्रतिसाद १

दादा, गाडी उभी केलीत हे फार बरं केलंत. स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ मारला की न्यूट्रलचा स्वीच बाजूला पडतो. लिव्हर न्यूट्रलला नसेल तर सेल्फ फिरू नये, यासाठीच तो स्वीच दिलेला असतो. पोरांना हे समोर बसवून समजावून सांगा.

आता तुमची केबल. विजेशी तिचा सरळ संबंध आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चेसिसपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. बॅटरीची मायनस चेसिसला आणि चेसिसवरून एक जाड पट्टी इंजिनला, अशी जोडणी असते. ती पट्टी गेली की सेल्फचे दोन-तीनशे अँपिअर परतायला वाट शोधतात आणि सापडेल त्या धातूतून जातात. ॲक्सिलरेटरच्या केबलमधली तार इंजिनला आणि चेसिसला दोन्हीकडे जोडलेली आहे. ती तापणारच.

वायरिंग काढू नका. आधी हे मोजा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लिव्हर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. इंजिन बंद करायचा स्टॉप ओढून ठेवा म्हणजे इंजिन लागणार नाही. एकाने चावी मारायची, दुसऱ्याने मोजायचं. एकदा बॅटरीच्या दोन टोकांवर. मग बॅटरी प्लस ते सेल्फचा मोठा बोल्ट. मग बॅटरी मायनस ते इंजिनचा ब्लॉक, रंग खरवडून. शेवटच्या दोन्ही ठिकाणी अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर त्या बाजूला दोष.

प्रतिसाद २

ब्रेक आणि रिव्हर्स हॉर्नचं सांगतो. मागच्या दिव्यांची अर्थ (अर्थिंगची, म्हणजे चेसिसला जोडलेली वायर) तुटली आहे. ब्रेकच्या दिव्यातला करंट परत जाऊ शकत नाही, तो रिव्हर्सच्या दिव्यातून उलटा शिरतो आणि त्याच वायरने हॉर्नपर्यंत पोचतो. हॉर्नची अर्थ वेगळी आणि चांगली असल्यामुळे हॉर्न वाजतो. दिव्याच्या होल्डरपासून चेसिसला तात्पुरती एक वायर जोडून बघा, लगेच कळेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी मोजलं. चावी मारताना बॅटरीवर ११.४ व्होल्ट. प्लसच्या बाजूला ०.३. आणि बॅटरी मायनस ते इंजिन ३.९! म्हणजे सेल्फच्या वाट्याला जेमतेम ७.२ येत होते.

मग खाली शिरून पट्टी शोधली. तांब्याच्या जाळीची पट्टी, बेलहाउसिंगच्या (इंजिनच्या मागच्या कव्हरच्या) बोल्टला. वरून नुसती काळी दिसत होती. हाताने हलवली तर जाळी हिरवी पडून लगपाशी (टोकाच्या कडीपाशी) चार-पाच तारांवर लोंबकळत होती. चेसिसच्या टोकाचा बोल्ट खोलला तर लगच्या खाली पिवळा रंग. गाडी विकताना रंगवली, तेव्हा पट्टी काढून रंगावरच परत आवळलेली. त्यात आमच्या शेडमधली ग्राइंडिंगची लोखंडी धूळ आणि पावसाळ्याची ओल. मी चार वर्षं या बोल्टच्या वरून हात फिरवून ग्रीस मारत आलोय.

नवी पट्टी आणली, दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत केल्या, आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. आता मायनसच्या बाजूला ०.१५. भर दुपारी, इंजिन गरम असताना, सलग दहा वेळा बंद-चालू केलं. दहाही वेळा पहिल्या चावीला लागलं. केबल थंड. पेडल अजून जरा जड आहे, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळलं असणार, केबल बदलतो. मागच्या दिव्याची अर्थही तुटलेलीच होती, हॉर्न गप्प झाला.

पण बॅटरी बसण्याचं कोडं तसंच आहे. काल रात्री १२.६ होती, आज सकाळी १२.२.

प्रतिसाद १

छान काम केलंत. आता सगळं बंद करा, चावी काढा, बॅटरीची मायनस सोडा आणि मीटर १० अँपिअरच्या जागी लावून मधे जोडा. मीटर मधे असताना चुकूनही सेल्फ मारू नका. आकडा बघा आणि फ्यूज एकेक काढत जा. कशानेच उतरला नाही तर मीटर काढा, मायनस सुटलेली असतानाच डायनॅमोची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने गुंडाळा आणि मग परत मीटर जोडून बघा. एक विचारतो, बॅटरी बसल्यावर गाडी कशी चालू करायचात?

धागाकर्ता

१.८ अँपिअर. सगळे फ्यूज काढले तरी तेवढेच. डायनॅमोची वायर काढली आणि आकडा ०.०१ वर आला. सुट्टीचे ३६ तास धरले तर ६५ एएच नुसते गळत होते.

आणि हो, गाडी ट्रकच्या बॅटरीवर चालू करायचो, मग इंजिन चालू ठेवूनच ती काढून आमची बॅटरी लावायचो.

प्रतिसाद १

तिथेच डायनॅमोतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला, दादा. चालत्या डायनॅमोची बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं. डायोड शॉर्ट न होता गळका झाला, म्हणून चार्जिंगही होत राहिलं आणि दिवाही विझत राहिला. डायोड प्लेट बदलून घ्या, अख्खा डायनॅमो नको. बसवल्यावर इंजिन जरा वेगात ठेवून बॅटरीवर मोजा, १३.८ ते १४.४ च्या मधे हवं. आणि चालवायच्या आधी न्यूट्रलचा स्वीच तपासा. लिव्हर फॉरवर्डला ठेवून, ब्रेक दाबून, स्टॉप ओढून चावी मारायची, समोर कुणी उभं नको. सेल्फ फिरता कामा नये.

धागाकर्ता

प्लेट बदलली. १४.१ येतंय. रात्रभर ठेवून सकाळी बॅटरी १२.६ च.

न्यूट्रलचा स्वीच तपासला. लिव्हर फॉरवर्डला असताना सेल्फ फिरला. उघडलं तर आधीच्या कुणीतरी दोन्ही वायरी एकत्र पिळून टेप मारलेली. नवा स्वीच उद्या येतोय. तो बसेपर्यंत गाडी शेडमध्येच उभी राहील, चावी माझ्या खिशात आहे.