मदत हवी आहे: लिमातलं उंची जेवण – दोन शाकाहारी, एकीला कोळंबीची ॲलर्जी

मृगजळ:
सप्टेंबरमध्ये चौघं पेरूला जातोय. लिमात तीन रात्री आहेत, त्यातलं एक जेवण मोठं, टेस्टिंग मेन्यूवालं (शेफने ठरवलेले बरेच छोटे पदार्थ एकामागून एक) करायचं आहे. सासूबाई आणि मी शाकाहारी (दूध-चीज चालतं, अंडं नाही), नवरा सगळं खातो, नणंदेला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी. सेंत्राल, माइदो की कोये? 'आम्ही शाकाहारी' एवढं सांगून भागतं का? टिप किती ठेवायची? जाणकारांनी कृपया सांगावं.

कोकमआगळ:
माइदो तुमच्यासाठी बाद. जागा खराब आहे म्हणून नव्हे, २०२५ च्या 'वर्ल्ड्स ५० बेस्ट' या जगभरच्या रेस्टॉरंटांच्या यादीत ती पहिली होती. पण तिथलं जेवण निक्केई, म्हणजे पेरूत स्थायिक झालेल्या जपान्यांच्या हातचं. त्यात दाशी असतो, म्हणजे बहुधा सुकवलेल्या मासळीचा काढा. तो सॉसमध्ये, सूपमध्ये, भाजीच्या रसातही उतरतो. नवऱ्याला एकट्याला पाठवा.

सेंत्राल (२०२३ ची पहिली) आणि कोये एकाच आवारात आहेत, बार्रान्को भागात. सेंत्रालचा मेन्यू उंचीवर बेतलेला असतो: समुद्राच्या तळापासून अँडीजच्या माथ्यापर्यंत एकेक पदार्थ. त्यामुळे समुद्राकडचे पदार्थ नणंदेला आणि तुम्हा दोघींना बदलून लागणार. कोयेत कंदमुळं आणि धान्यांवर जास्त भर, तिथला 'मुचोस तुबेर्कुलोस' हा कंदांचा टार्ट गाजलेला आहे. चौघांचा हिशेब बघता मी कोये म्हणेन.

दोन्हीकडे पथ्य-ॲलर्जी बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. टेस्टिंग मेन्यूचे रस आणि काढे आधीच तयार करून ठेवलेले असतात, टेबलावर बसल्यावर सांगितलं तर वेटर फक्त पदार्थ वगळू शकतो, बदलू शकत नाही. लेखी होकार येईपर्यंत आगाऊ पैसे भरू नका. लिमाची वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे, त्यामुळे तिकडच्या सकाळी १० ला फोन करायचा तर इथे रात्रीचे साडेआठ. आणि पोहोचल्या दिवशीचं बुकिंग अजिबात नको. तीन तासांचं जेवण आणि जेट लॅग, चौथ्या पदार्थाला डुलक्या सुरू होतात.

पाटावरवंटा:
'शाकाहारी' म्हणून भागत नाही. 'कार्ने' म्हणजे बोलीत मुख्यतः गोमांस, त्यामुळे 'सिन कार्ने' म्हटलं की चिकन घातलेली ताटली समोर येऊ शकते. पूर्ण यादी म्हणा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मारिस्कोस, सिन उएवो' (मांस, चिकन, मासे, कवचवाले, अंडं नको).

मग दोन छुपे शत्रू. 'काल्दो', म्हणजे स्टॉक, बहुधा मांसाचा किंवा माशाचा काढा: किनोआ, भात, सूप सगळं त्यात शिजवलेलं असू शकतं. विचारा, 'एल काल्दो एस दे वेर्दुरास?' (काढा भाज्यांचा आहे का?) दुसरा 'मान्तेका'. ही डुकराची चरबी. लोणी म्हणजे 'मान्तेकिया'. दोन्ही शब्द ऐकायला सारखे, आणि तिथेच घोळ होतो. ताकू-ताकू (कडधान्य-भाताचं परतलेलं थालीपीठ म्हणा) दिसायला शाकाहारी, पण चरबीत परतलेलं असू शकतं.

सेविचे (मुळात लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा): मशरूमचं किंवा अवोकाडोचं 'शाकाहारी' सेविचे दिसलं तरी रस विचाराच. त्याला 'लेचे दे तिग्रे', वाघाचं दूध म्हणतात. आपल्याकडचं वाघिणीचं दूध म्हणजे इंग्रजी, यांचं म्हणजे लिंबू, मिरची, कांदा आणि बहुतेक वेळा मासळीचा रस, एकत्र घुसळून गाळलेला. मशरूम निवळ भाजी असली तरी रसात मासा असू शकतो. चोचो (तार्वी नावाची कडधान्याची बी) वापरून केलेलं आंकाश भागातलं सेविचे मुळातच बिनमाशाचं, ते मिळालं तर सोडू नका.

दक्षिणायन:
नणंदेसाठी वेगळं सांगतो, कारण तिचं प्रकरण आवडीचं नाही, जिवाचं आहे. 'आलेर्हिया ग्रावे आ लोस मारिस्कोस' (कवचवाल्यांची गंभीर ॲलर्जी) हे छापील कार्डावर लिहून बरोबर ठेवा आणि 'कोन्तामिनासिओन क्रुसादा' (एका पदार्थाचा अंश दुसऱ्याला लागणं) हे शब्दही त्यात घाला. कोळंबीचे तुकडे दिसत नसले तरी एकच सुरी-फळी, एकच तळणीचं तेल, माशाच्या काढ्यात टाकलेली कोळंबीची कवचं, असं कुठूनही ते येतं. चुपे दे कामारोनेस आणि पारिउएला ही सुपं तर उघडच वर्ज्य. एपिपेन (ॲलर्जीच्या झटक्यावरचं इंजेक्शन) दिलं असेल तर पर्समध्ये, हॉटेलच्या कपाटात नव्हे.

सगळं खाणाऱ्यासाठी: माशाचं सेविचे लिंबात 'शिजतं' असं म्हणतात ते अर्धसत्य. आम्लाने मासा पांढरा आणि घट्ट होतो, पण जंतू-परजीवी मरतीलच असं नाही. मासा ताजा आणि जागा खात्रीची हवी. सेविचेच्या जागा बहुतेक दुपारीच उघड्या असतात, ते दुपारचंच खाणं, रात्री शोधत बसू नका.

लसूणचटणी:
बिल: छापील किमतीत कर धरलेलाच असतो. वरून लावलेली वेगळी ओळ दिसली तर ती 'रेकार्गो आल कोन्सूमो', सेवाशुल्क, बहुतेक १० टक्के, कायद्याने कमाल १३. ही ओळ असेल तर टिप ऐच्छिक. नसेल तर १० टक्के ठेवतात. परदेशी पाहुण्यांना हॉटेलच्या खोलीवर करमाफी मिळते, ती रेस्टॉरंटला लागू नाही, तिथे पासपोर्ट दाखवून वाद घालू नये.

कार्डाचं यंत्र 'सोल (पेरूचं चलन) की डॉलर' विचारेल, सोलच निवडा. यंत्राचा दर बहुधा बँकेपेक्षा महाग. फाटकी डॉलरची नोट तर कोणी हातात धरणार नाही.

अवांतर: 'मेनू' मागितलात तर साध्या खानावळीत दुपारची ठरलेली थाळी येते. यादी हवी असेल तर 'ला कार्ता'. बटाट्याला 'पापा' म्हणतात. 'बटाटा' म्हणालात तर स्पॅनिश माणसाला रताळं ऐकू येईल, आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला आहे.

मृगजळ:
सर्वांचे मनापासून आभार! सासूबाईंना पिस्को सावर (पिस्को या द्राक्षांच्या दारूचं कॉकटेल) चाखायचा आहे, त्यात अंडं असतं ना? आणि गोड काय?

पाटावरवंटा:
हो, वरचा पांढरा फेस म्हणजे अंड्याचा पांढरा भाग. 'चिल्कानो' मागवा, पिस्को, जिंजर एल आणि लिंबू, अंड्याशिवाय. दारू नको असेल तर 'चिचा मोराडा': जांभळा मका, अननसाची साल, दालचिनी, लवंग उकळून गार केलेलं. पण 'चिचा दे होरा' म्हणालात तर आंबवलेली येईल, एकाच शब्दाने सुरू होतात.

गोडात 'सुस्पिरो लिमेन्यो' वर्ज्य, खाली बलक आणि वर मेरँग, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या भागाचा गोड फेस. 'पिकारोनेस' विचारा: लाल भोपळा आणि रताळ्याच्या पिठाची तळलेली कडी, वर गुळासारखा चांकाकाचा पाक. पीठ यीस्टने फुगवतात, पण अंडं घालणारेही असतात. खात्री केल्याशिवाय नको. चिरिमोया दिसलं तर सासूबाईंना चटकन ओळख पटेल, सीताफळाचीच बहीण ती. बिया मात्र थुंकायच्या, चावायच्या नाहीत.