उर्दूवाल्यांना ‘कझन’ हवाच कशाला?

दौतटाक: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, “कझन म्हणजे उर्दूत चचाजाद, विषय संपला.” संपला कसला! चचाजाद (काकाचं), फूफीजाद (आत्याचं), मामूजाद (मामाचं), खालाजाद (मावशीचं) असे चार शब्द आहेत. थोरल्या काकाला ताया म्हणणाऱ्या घरांत तायाजाद पाचवा. आणि तोंडात काय, तर इंग्रजी ‘कझिन’चा कझन. काफ, झे, नून या तीन अक्षरांत सगळं गोत बुडवलं.

भिवंडीकर: बुडवलं नाही, सोय केली. ‘जाद’ म्हणजे नुसतं ‘पोटचं’. मुलगा की मुलगी ते कळत नाही, म्हणून पुढे भाई किंवा बहन लावावं लागतं. त्यात हे नातं निकाहाला चालणारं. ‘खालाजाद बहन से निकाह’ म्हणताना जीभ अडखळते. कझनमध्ये बहनच नाही. लिंग क्रियापद सांगतं: मेरा कझन आया, मेरी कझन आई. अनेकवचन मात्र सरळ इंग्रजी, ‘कझन्झ’.

पोटमाळा: सबटायटल करणाऱ्याला विचारा. पहिल्या भागात नुसतं ‘कझिन’ येतं, तुम्ही चचाजाद लिहून मोकळे होता आणि पाचव्या भागात त्याचा बाप म्हणून आईचा भाऊ दारात उभा! मग मागचे चारही भाग उघडून मामूजाद करत बसा.

दौतटाक: आळसाला सोय म्हणायची ही नवी तऱ्हा. हनफी, म्हणजे सुन्नींच्या एका शाखेच्या, वारसाहक्कात कझन लिहून दाखवा की. सख्ख्या काकाचा मुलगा असबा, म्हणजे ठरलेले हिस्से देऊन उरलेलं त्याचं, जवळचा दुसरा असबा नसेल तर. त्याचीच सख्खी बहीण मात्र झविल अरहाम, म्हणजे रांगेत असबांच्या मागचे नातलग, आणि आत्या-मामा-मावशीची सगळी मुलंही तिथेच. तो हयात असेल तर या सगळ्यांना भोपळा.

खालची_आळी: निकाहाचं निघालंच आहे म्हणून सांगतो. ‘मामेबहिणीशी लग्न केलं’ असं आपल्याकडे तरी कोण म्हणतं? ‘मामाची मुलगी केली’ म्हणतात. युक्ती तीच, इंग्रजी न आणता.

सरळरेघ: ते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने बंद झालं. उगाच गौरव नको.

खालची_आळी: अर्धा कायदा वाचून येऊ नका. कलम ५ मध्येच सूट आहे: दोघांनाही लागू असलेली रूढी परवानगी देत असेल तर चालतं. खरी अडचण १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात. पुरुषासाठीच्या निषिद्ध यादीत ३७ नाती, त्यातली शेवटची चार म्हणजे चुलत, आते, मावस, मामेबहीण. निकाहाला चालणारं जोडपं तिथे नोंदणीला गेलं की अडतं. रूढीची सूट तिथे आली ती १९६३ च्या दुरुस्तीने.

सरळरेघ: म्हणजे बंदी आहे, फक्त पळवाट ठेवलीय. तेच तर म्हणत होतो.

खालची_आळी: हो हो, तेच म्हणत होतात. वर दिसतंय.

भिवंडीकर: धागा शब्दाचा आहे. कोर्ट बाहेर भरवा.

पोटमाळा: मग शब्दाचंच घ्या. कझिनचं मूळ लॅटिन कोन्सोब्रिनुस, म्हणजे मुळात मावसभाऊ. काकाचा मुलगा पात्रुएलिस, आत्याचा अमितिनुस. इंग्रजीने सगळे एका टोपलीत टाकले. तेव्हा मुळाशीच जायचं तर ‘चचाजाद’ साफ चूक, ‘खालाजाद’ म्हणा.

दौतटाक: बरं, बोलण्यात कझन माफ. वारसाच्या कागदात दिसला तर लाल शाई.

भिवंडीकर: शुक्रिया. खरं तर ‘थँक्यू’ म्हणणार होतो, पण तुमची भीती वाटली.