अनुभव धागा: देशाबाहेर राहून देशासाठी भांडणारी माणसं तुम्हाला कुठे भेटली?

18 जूनला आपण गोव्यात क्रांतिदिन साजरा करतो आणि 19 डिसेंबरला मुक्तिदिन. 1946 ते 1961 या मधल्या काळात पोर्तुगीज राजवटीविरुद्ध गोव्याचा आवाज बऱ्याच अंशी गोव्याबाहेरून उठत होता, ही गोष्ट मात्र शाळेत कुणी धड सांगितली नाही. नॅशनल काँग्रेस गोवाची स्थापना झाली सीमेबाहेर, लोंढ्याला. पोर्तुगालमधल्या पेनिशच्या तुरुंगवासानंतर निसटलेले स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा मुंबईत राहून 'फ्री गोवा' काढत होते आणि मुक्ती न बघताच 1958 मध्ये तिथेच वारले. गोव्यात सभा घ्यायला परवानगी लागायची आणि छापलेल्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉरची नजर असायची. बोलायचं तर सीमेपलीकडे जाऊनच बोलावं लागे.

आज जगातल्या निरनिराळ्या देशांचे असे लोक आपल्या शेजारी राहतात, आपल्या दुकानांत येतात, बोटीवर आपल्यासोबत ड्युटी करतात. तुम्हाला कोण भेटलं? काय बघितलंत? घरातल्या जुन्या आठवणीही लिहा. एकच कळकळीची विनंती आहे. हयात माणसाचं नाव, फोटो, गाव देऊ नका. तुमच्यासाठी तो किस्सा असेल, पण तिकडे त्याच्या आईच्या दारात पोलीस उभे राहू शकतात.

डिचोली, निवृत्त शिक्षिका

तुमची शेवटची विनंती वाचली आणि लिहायचं ठरवलं, कारण आमच्या दारात पोलीस उभे राहिले होते.

माझे वडील 1954 साली रातोरात दोडामार्गमार्गे बाहेर पडले आणि पुढे बांदा, सावंतवाडी, बेळगाव असे फिरत राहिले. पत्रकं लिहायची, सत्याग्रहींची सोय बघायची, सभांना माणसं जमवायची, हे त्यांचं काम. आम्ही मात्र गावातच होतो. पाखले, म्हणजे पोर्तुगीज, शिपाई घरी यायचे, आईला चौकीवर बोलवायचे. 'नवरा कुठे आहे?' हा एकच प्रश्न. काकांची दुकानाची परवानगी अडकवली. आईने कधी तक्रार केली नाही, पण दार वाजलं की तिच्या हातातलं काम थांबायचं, आणि हे मुक्तीनंतरही कितीतरी वर्षं चाललं.

15 ऑगस्ट 1955 ला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पात्रादेवीला आज स्मारक आहे. त्यानंतर सीमा आवळली आणि निरोपसुद्धा येईनासे झाले. मग उरला रेडिओ. नोव्हेंबर 1955 पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो जंगलातून गुप्त केंद्र चालवत होते, आधी आंबोलीच्या बाजूला, नंतर कॅसलरॉकला. कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. शेजारच्या घरात दारंखिडक्या लावून, आवाज अगदी बारीक करून ऐकायचे. आई तिथे जाऊन बसायची. वडिलांचं नाव त्यात कधीच येणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. तरी बसायची. आंबोलीचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल की तसल्या जंगलात पावसाळ्यामागून पावसाळे काढून रोज बोलत राहणं म्हणजे काय. 1961 च्या डिसेंबरपर्यंत ते बोलत राहिले. लिबियाताईंना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली त्या दिवशी मी खूप रडले.

वडील हार घालून घेताना मी पाहिले आहेत. आईच्या गळ्यात कुणी हार घातला नाही.

मोरजी, घरच्या चार खोल्या भाड्याने देतो

ताई, तुमच्या आईंना नमस्कार.

आमच्याकडे दरवर्षी सीझनला बेलारूसची एक मुलगी उतरते. लॅपटॉपवर काम करते. परदेशी पाहुणा आला की आम्हाला चोवीस तासांत सरकारकडे त्याच्या नोंदीचा फॉर्म भरावा लागतो, त्यामुळे पासपोर्ट हातात येतोच. मागच्या खेपेला मी सहज म्हटलं, 'मुदत संपत आली, नवा काढून घे.' ती म्हणाली, 'काढता येणार नाही.'

मग तिने सगळं सांगितलं. ऑगस्ट 2020 च्या निवडणुकीनंतर राजधानी मिन्स्कमध्ये दर रविवारी लाखभर लोक रस्त्यावर उतरायचे, त्यांत ती होती. 1994 पासून तिथे लुकाशेंको एकटाच राष्ट्राध्यक्ष. पकडापकडी वाढली तशी ती देश सोडून लिथुआनियाला गेली. सप्टेंबर 2023 मध्ये बेलारूसच्या सरकारने हुकूम काढला की परदेशातल्या वकिलातीत पासपोर्ट मिळणार नाही, हवा असेल तर देशात या. परत गेली की विमानतळावरच अटक. म्हणजे दारावर पहारा न ठेवताही माणसाला अडकवता येतं, फक्त एका वहीची मुदत संपू द्यायची. लिथुआनिया आणि पोलंड अशा लोकांना परक्यांसाठीचं प्रवासपत्र देतात, ती त्याच्याच मागे होती.

ती दर 9 ऑगस्टला, त्या निवडणुकीच्या तारखेला, लिथुआनियाच्या राजधानीत विल्नियसला मोर्चात जाते. विरोधकांचा पांढरा-तांबडा-पांढरा झेंडा घेऊन. तोच झेंडा मिन्स्कमध्ये खिडकीत लावला तर तुरुंग. मोर्चात ती चेहरा झाकते, कारण तिचा भाऊ तिकडे सरकारी शाळेत शिकवतो. आमच्या खोल्यांच्या पानावर पाहुण्यांचे फोटो टाकतो, त्यातून तिने स्वतःचा काढायला लावला. मी लगेच काढला, आणि बाकीच्यांनाही विचारून ठेवले.

मडगाव

सगळ्यांबद्दल आदर ठेवून लिहितो. पाहुण्या माणसाने यजमानाच्या घरात स्वतःचं भांडण आणावं का? आपलं सरकार ज्यांच्याशी संबंध राखून आहे, त्यांच्याविरुद्ध इथे घोषणा झाल्या तर आपल्यालाच त्रास. मुंबईतले गोंयकार निदान भारतातच होते, आपल्याच माणसांत.

कळंगुट, दुकानदार

मडगावकर, टुरिस्ट व्हिसावर आलेला माणूस इथे घोषणा देऊच शकत नाही, कायद्याने त्याची परत पाठवणी होऊ शकते. म्हणून तर मोरजीची पाहुणी मोर्चाला विल्नियसला जाते. आणि 'आपल्याच माणसांत' म्हणता, पण कुन्हा मुंबईत नुसते राहत नव्हते, लिहीत होते, सभा घेत होते. ते पोर्तुगालला आवडत होतं का?

माझ्या शेजारी तिबेटी कुटुंबाचं दुकान आहे. चांदीचे दागिने, खडे, वाडगे. सीझन संपेपर्यंत दुकान रोज उघडं, एकच दिवस सोडून. 10 मार्च. 1959 साली त्या दिवशी तिबेटच्या राजधानीत, ल्हासामध्ये, लोक चीनविरुद्ध उठले होते. मार्चमध्ये गिऱ्हाईक अजून असतं, तरी शटर खाली. काही जण मुंडगोडला जातात, गोव्यापासून काही तासांवर आहे, तिथे त्यांची मोठी वसाहत आणि मठ आहेत. जे जात नाहीत ते एकाच्या घरी जमतात, राष्ट्रगीत म्हणतात, दिवा लावतात. आवाज आमच्या भिंतीपर्यंतही येत नाही.

दुकानवाल्याचा जन्म मुंडगोडचा. तिबेट त्याने पाहिलेलं नाही, त्याच्या वडिलांनी लहानपणी सोडलं ते शेवटचं. तरी तो मत देतो! निर्वासितांची स्वतःची संसद आहे धरमशालेत, आणि 2001 पासून त्यांच्या सरकारचा प्रमुखही थेट मतदानाने निवडून येतो; 2011 मध्ये दलाई लामांनी आपले राजकीय अधिकारही त्यालाच सोपवले. ज्या देशात पाय ठेवता येत नाही त्याच्यासाठी मतदानाला रांग लावणारा माणूस मी रोज सकाळी झाडू मारताना बघतो. आपल्याकडे मतदानाच्या दिवशी सहलीला जाणारे लोक आठवतात आणि राग येतो, लपवत नाही.

स्विंडन (इंग्लंड), मूळ केपे

इथे आम्ही गोंयकार हजारोंनी आहोत. पोर्तुगीज पासपोर्टवर आलो. ज्या देशाच्या राजवटीत माझ्या आजोबांना चार माणसांची सभा घेता येत नव्हती, त्याच देशाच्या नागरिकत्वावर मी गोदामात रात्रपाळी करतो. आजोबांनी हे कसं घेतलं असतं, असा विचार मनात येतो. पण तो देश आता त्यांचा जुना देश राहिला नाही, हेही खरं.

माझ्यासोबत हाँगकाँगचा एक जण आहे, पूर्वी हायस्कुलात शिकवायचा. जून 2020 मध्ये चीनचा राष्ट्रीय सुरक्षा कायदा तिथे लागू झाला आणि पुढच्या वर्षी ब्रिटनने त्यांच्यासाठी व्हिसा सुरू केला, त्यावर तो आला. दर 4 जूनला, 1989 च्या तिआनमेन चौकातल्या हत्याकांडाच्या आठवणीत, तो लंडनला चिनी वकिलातीसमोर मेणबत्ती घेऊन उभा राहतो. पूर्वी हे हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कात दरवर्षी व्हायचं, 2020 पासून बंदी. एका वर्षी मीही त्याच्याबरोबर गेलो. बहुतेकांच्या तोंडावर मास्क. समोरच्या इमारतीतून कोणी फोटो काढतं का, इकडे सगळ्यांचं लक्ष. जुलै 2023 मध्ये परदेशातल्या आठ कार्यकर्त्यांवर प्रत्येकी दहा लाख हाँगकाँग डॉलरचं इनाम लागलं आणि मग पोलिसांनी त्यांच्या तिकडच्या नातेवाइकांना चौकशीला बोलवलं. डिचोलीच्या ताईंनी लिहिलं, अगदी तेच.

अजून एक सांगतो, कारण हे बातम्यांत कमी येतं. त्याचे भविष्यनिर्वाह निधीचे पैसे तिकडे अडकलेत. कायमचं देश सोडलेल्याला ते काढता येतात, पण ज्या ब्रिटिश पासपोर्टवर तो आला तो हाँगकाँग सरकार मानत नाही. इतक्या वर्षांच्या पगारातून कापलेले स्वतःचे पैसे. म्हणून पंचेचाळिशीत तो माझ्यासोबत खोकी उचलतो.

फोंडा

पुण्यात शिकत असताना वरच्या मजल्यावर इराणी मुलं राहायची. जून 2009, तिकडे निवडणुकीवरून उसळलेलं आंदोलन. मनगटाला हिरव्या फिती. नेदा आगा-सोलतान गोळी लागून गेली तो व्हिडिओ त्यांनी आम्हाला दाखवला, आणि सगळी खोली गप्प. त्यांतली एक मुलगी आता बर्लिनला आहे. महसा अमिनीच्या पोलीस कोठडीतल्या मृत्यूनंतर ऑक्टोबर 2022 मध्ये बर्लिनला जो प्रचंड मोर्चा निघाला, त्यातून तिने मला फोन केला. नुसता गलका ऐकू येत होता. ती बोललीच नाही, फोन तसाच धरून ठेवला.

पणजी

पेनिशला जाऊन आले. समुद्रालगतचा किल्ला, 2024 पासून तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे, फान्चू लॉयोला, आपले लोक इथे डांबले होते. मी हे डोक्यात घेऊन गेले, आणि तिथे कळलं की याच किल्ल्यात हुकूमशहा सालाझारच्या विरोधातले पोर्तुगीज शेकड्यांनी खितपत होते. त्यांचेही लोक पॅरिसला, अल्जीयर्सला पळालेले. त्याचा विरोधक जनरल हुंबेर्तु देल्गादोला तर 1965 मध्ये स्पेनच्या हद्दीत गाठून त्यांच्या गुप्त पोलिसांनी मारलं. पुढे पंतप्रधान झालेले मारियु सुआरिश पॅरिसच्या वनवासातून परतले एप्रिल 1974 मध्ये, क्रांतीनंतर तीनच दिवसांनी. आपले स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे 1955 मध्ये पकडले गेले आणि लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगातून सुटले 1969 ला, गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर. मडगावकरांना एवढंच म्हणेन की पोर्तुगालमधल्या आणि बाहेरच्या त्या लोकांचं भांडण आणि आपलं भांडण एकाच माणसाशी होतं.

वास्को, तारवटी

मी टँकरवर असतो. 1 फेब्रुवारी 2021 ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा बोटीवर निम्मे खलाशी बर्मी होते. कोविडमुळे किनाऱ्यावर उतरायची बंदी. तिकडे रोज रात्री आठला लोक घराघरांत भांडी बडवायचे, अवदसा घालवायला. यांनी मेसमध्ये ताटं बडवली. यांगूनच्या घड्याळाने आठ, म्हणजे आमच्याकडे भर दुपार. चीफ कुकने ओरडायचं सोडून स्वतःचं पातेलं दिलं. निषेधाची खूण म्हणून तीन बोटं वर करून फोटो काढला, पण चेहरे कापून.

2023 मध्ये तिथल्या सरकारने नियम केला की परदेशात कमावणाऱ्याने पगाराचा चौथा हिस्सा त्यांच्याच बँकांमधून पाठवायचा, त्यांच्याच दराने, आणि बाजारातला दर त्याहून कितीतरी चढा. नाही पाठवला तर कागदपत्रांचं नूतनीकरण अडतं. माझा केबिनसोबती म्हणायचा, 'मी ज्या बंदुकीविरुद्ध बोलतो तिच्या गोळ्यांचे पैसेही मीच भरतो.' पुढे बोट योकोहामाला लागली तेव्हा सुट्टी घेऊन तो टोकियोत त्यांच्या लोकांच्या निदर्शनाला गेला. बाकीचे बाजारात गेले.

डिचोली, निवृत्त शिक्षिका

दादा, त्याच्या घरच्यांचं काय झालं?

वास्को, तारवटी

ताई, फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे सक्तीची लष्करभरती लागू झाली, मुलगे 18 ते 35, मुली 18 ते 27. त्याची बहीण त्यात बसत होती. ती रात्री नदी ओलांडून थायलंडला मे सोतला गेली. तिथे निर्वासित मुलांच्या शाळा आहेत, त्यांतल्या एकीत आता गणित शिकवते. आई-वडील मागेच आहेत. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून सांगतो, तिला चौथी-पाचवीची इंग्रजीतली गणिताची पुस्तकं हवी आहेत. जूनमध्ये माझी बोट थायलंडमधल्या श्रीराचा बंदराला लागणार आहे, माझा तो सोबतीही तिथेच चढणार. कुणाकडे असतील तर मला वैयक्तिक निरोप टाका.