एक्झॉटिका: कल्पनेतली बेटं ऐकायला हरकत काय?

सूरपेटी (धागाकर्ता)

१९५०च्या दशकात अमेरिकेत ‘एक्झॉटिका’ या प्रकारच्या वाद्यसंगीतानं घरं भरून गेली होती. दूरची बेटं, जंगलं, बंदरं, आणि ती सगळी दिवाणखान्यातल्या हाय-फायवर. आता त्याचा विषय निघाला की ‘नकली’, ‘वसाहतवादी’ हे शिक्के आधी बसतात आणि संगीताबद्दल बोलायचं राहूनच जातं. मला त्याची बाजू मांडायची आहे.

अमेरिकन संगीतकार लेस बॅक्स्टरची १९५१ची ‘रिच्युअल ऑफ द सॅव्हेज’ ही रेकॉर्ड घ्या. त्यातल्या ‘क्वाएट व्हिलेज’मध्ये खर्जात एकच स्वराकृती फिरत राहते, तिच्यावर व्हायोलिनं हळूहळू चढत जातात आणि तालवाद्यं कुठेही घाई करत नाहीत. रावेल आणि स्त्राविन्स्की हे संगीतकार पचवलेल्या माणसाचं हे लेखन आहे. या रेकॉर्डचं फ्रेंच नाव ‘ल साक्र द्यु सोव्हाज’ हे तर स्त्राविन्स्कीच्या १९१३च्या ‘ल साक्र द्यु प्रँताँ’ या बॅलेकडे उघडच बोट दाखवतं. रचनांची नावं पाहा: ‘बिझी पोर्ट’, ‘जंगल रिव्हर बोट’, ‘स्टोन गॉड’. एकातही देशाचं नाव नाही. हा प्रदेश बॅक्स्टरनं स्वतः रचलाय, आणि कलावंताला तेवढी मुभा असलीच पाहिजे. आजच्या पार्श्वसंगीतात मला अशी वाद्ययोजना फार क्वचित ऐकू येते.

दर्याकाठ

असहमत. देशाचं नाव नसणं हाच माझा आक्षेप आहे. मुखपृष्ठावर आफ्रिकी ढंगाच्या मूर्तींमध्ये नाचणारं गोरं जोडपं, आत लॅटिन अमेरिकेतले कोंगा ढोल, आणि पाकिटामागच्या मजकुरात बेल्जियन काँगोच्या अंतर्भागातल्या निषिद्ध विधींचं आमिष. १९५१ मध्ये काँगो ही बेल्जियमची वसाहत होती, तिथे माणसं राबत होती. ऐकणाऱ्याला मात्र फक्त ढोल आणि गूढ.

पॅसिफिकचंही तेच. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेनं पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांपैकी बिकिनीवर २३ अणुचाचण्या केल्या. १ मार्च १९५४च्या ‘कॅसल ब्राव्हो’ स्फोटाची किरणोत्सारी राख तिथल्याच राँगेलाप बेटाच्या लोकांवर पडली आणि त्यांना आपलं बेट सोडावं लागलं. त्याच वर्षांत त्याच महासागराची शांत, निर्मनुष्य, चांदण्यातली प्रतिमा कॅलिफोर्नियात लाखोंनी विकली जात होती. बॅक्स्टरनं बॉम्ब टाकला असं मी म्हणत नाही. पण हे संगीत ऐकणाऱ्याला काय विसरायला लावतं, ते विचारायलाच हवं.

जुनीतबकडी

दोघंही बॅक्स्टरवर अडकलात. या प्रकाराला नाव मिळालं पियानोवादक मार्टिन डेनीच्या १९५७च्या ‘एक्झॉटिका’ रेकॉर्डमुळे, आणि तो हवाईतल्या होनोलुलूत वाजवत होता. हवाईयन व्हिलेज हॉटेलच्या शेल बारमध्ये वाद्यमंचाशेजारी तळं होतं. वादन रंगलं की बेडूक ओरडायचे, थांबलं की गप्प. गंमत म्हणून वादकांनी पक्ष्यांचे आवाज काढले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन तीच बेडूक-पक्ष्यांची रचना मागितली, आणि तिथून डेनीची शैलीच ठरली. बेडकाचा आवाज खाचा पाडलेलं गुइरो हे वाद्य घासून काढायचे.

पक्ष्यांच्या आवाजांत सर्वांत तरबेज होता ऑगी कोलोन, हवाईतल्या पोर्तो रिकन घरातला. व्हायब्राफोनवर होता आर्थर लायमन, हवाईतल्या ओआहू बेटावर जन्मलेला, अंगात हवाईयन रक्त असलेला. पुढे तो वेगळा झाला आणि ‘टॅबू’, ‘यलो बर्ड’नं स्वतःचं नाव केलं. १९५९ साली डेनीनं वाजवलेली बॅक्स्टरची ‘क्वाएट व्हिलेज’ बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेली. हे वाजवणाऱ्यांत त्या बेटांवरची माणसंही होती. त्यांना फक्त फसवले गेलेले म्हणणं हा त्यांच्या कामाचा अपमान आहे.

दर्याकाठ

त्यांच्या हातांबद्दल मला आदरच आहे. पण त्यांना वाजवायला काय मिळालं? पर्यटकाच्या मनातलं हवाई. तिथे स्वतःचं संगीत नव्हतं का? ‘अलोहा ओए’ रचणारी लिलिउओकलानी ही तिथली राणीच होती. १८९३ मध्ये तिला पदच्युत केलं गेलं, १८९८ मध्ये अमेरिकेनं बेटं जोडून घेतली. त्याआधीच, १८९६ च्या कायद्यानं, शाळांतून हवाईयन भाषा माध्यम म्हणून हद्दपार झाली होती. बारमधल्या बेडकांच्या गोष्टीइतकी तरी ही गोष्ट माहीत असावी, एवढंच.

रात्रपाळी

आपल्याला जवळचं उदाहरण कुणी दिलंच नाही: कोरला पंडित. १९४९ पासून लॉस एंजेलिसच्या टीव्हीवर रत्नजडित फेटा बांधून हॅमंड ऑर्गन वाजवायचा, कॅमेऱ्याकडे रोखून बघायचा आणि कार्यक्रमात एक शब्द बोलायचा नाही. प्रसिद्धी अशी की हा दिल्लीचा. प्रत्यक्षात तो जॉन रोलंड रेड, सेंट लुइसमध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय. हे जाहीर झालं २००१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

मला त्याचा राग येत नाही. त्या काळच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय वादकाला जी दारं बंद होती, ती फेट्याला उघडली. आधी ‘हुआन रोलांदो’ या मेक्सिकन नावानंही त्यानं काम मिळवलं होतं. पण प्रेक्षकांना कुठला भारत हवा होता? मुका भारत. स्वातंत्र्य मिळून दोनच वर्षं झालेला, संसदेत भांडणारा, बोलणारा भारत त्यांना नको होता.

सूरपेटी

रात्रपाळी, हे उदाहरण जबरदस्त आहे आणि ते मला अस्वस्थ करतं. तरी माझा मुद्दा उभा राहतो. परकं संगीत उसनं घेणं हा फक्त गोऱ्यांचा धंदा नव्हता. १९५१ मध्येच आपल्या सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’त ‘शोला जो भडके’ला लॅटिन ढंगाचा ताल दिला, सोबतीला गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. त्यासाठी अण्णांना कुणी क्यूबाचा दाखला मागतं का? ऐकणारा खूश, वाजवणारा खूश. मग बॅक्स्टरलाच वेगळा न्याय का?

दर्याकाठ

कारण अमेरिकेसारखा मुंबईचा नाविक तळ क्यूबात नव्हता. आणि ‘अलबेला’नं कुणाला ‘सॅव्हेज’, म्हणजे रानटी, म्हटलं नाही.

जुनीतबकडी

ही तुलना मलाही पटत नाही, पण कारण सांगीतिक आहे. गोव्याचे वादक तो ताल रोज रात्री हॉटेलांतून वाजवत होते, तो त्यांच्या अंगात होता. बॅक्स्टर लिहायचा तो स्टुडिओतल्या वाचून वाजवणाऱ्या वादकांसाठी. दोन्ही चांगलं, पण जात वेगळी.

याहून उपयोगी उदाहरण जपानचं. डेनीच्या ‘फायरक्रॅकर’मध्ये पाश्चात्त्यांच्या डोक्यातला पूर्वेकडचा बाज आहे. १९७८ मध्ये जपानी संगीतकार हारुओमी होसोनो आणि त्याचा बँड यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा यांनी नेमकी तीच रचना उचलली आणि सिंथेसायझरवर वाजवून जगभर पोचवली. ज्यांचं चित्र काढलं होतं त्यांनीच ते चित्र हातात घेतलं. होसोनोला डेनी मनापासून आवडायचा, हेही लक्षात घ्या. मूळ रचना भिकार असती तर तो तिच्या वाट्याला गेला नसता.

दर्याकाठ

होसोनोकडे तोक्योतला स्टुडिओ होता, रेकॉर्ड कंपनी होती. राँगेलापकडे काय होतं? उत्तर देण्याची साधनं ज्यांच्याकडे होती त्यांचंच उत्तर तुम्ही ऐकवताय.

सूरपेटी

हे खरं आहे. पण त्यावर उपाय म्हणून ‘क्वाएट व्हिलेज’ बंद करा, हे मला मान्य नाही. मार्शल बेटांची गाणी आणि लिलिउओकलानीच्या रचना त्याच्या शेजारी ठेवा. कुणाकडे त्यांची चांगली ध्वनिमुद्रणं असतील तर इथेच द्या, मला ऐकायची आहेत.