व्हिम्पर घळ जुलैअखेरीस चढावी का?

प्रश्न: फ्रान्सच्या आल्प्समधील शामोनीजवळच्या एगुई व्हेर्त (४१२२ मीटर) या शिखरावर व्हिम्पर घळीने जाण्याचा आमचा बेत आहे, मात्र यंदा बर्फ फारच कमी आहे. जावे का?

उत्तर १: जाऊ नये. घळीचे तोंड आग्नेयेकडे असल्याने सूर्य उगवताच तिच्यावर ऊन येते आणि दगडांना धरून ठेवणारा बर्फच नसेल, तर ते सुटून थेट चढणाऱ्यांच्या अंगावर येतात. पायथ्याची हिमभेगही (हिमनदी आणि वरचा बर्फ यांमधली फट) अशा वर्षी रुंदावते. ज्याच्या नावाने ही घळ ओळखली जाते, तो इंग्रज गिर्यारोहक व्हिम्पर खुद्द १८६५ मध्ये चढला, तोही जूनअखेरीस.

उत्तर २: मध्यरात्री निघालो की भागते, असे अनेक जण धरून चालतात, पण रात्री पारा शून्याखाली उतरलाच नाही, तर त्या लवकर निघण्याला काय अर्थ? शिवाय त्याच घळीतून उतरायचे, तर तोवर ऊन चढलेले असते.

उत्तर ३: याच शिखरावर जाणारी मॉइन धार खडकाची आहे, तिचा विचार करावा, मात्र ती लांब आहे.