मदत हवी आहे: मायचा हरिपाठ बंद पडलाय

नमस्कार मंडळी. आम्ही परभणी जिल्ह्यातले. माय ३० वर्षं रोज दिवेलागणीला हरिपाठ म्हणायची. पहिला घास तोंडात घालायच्या आधी "पांडुरंगा, तुझीच किरपा" हे ठरलेलं. बाबा गेले तेव्हापासून टाळ खुंटीलाच. परवा म्हणाली, "कशाचे उपकार मानू त्याचे?" मला काही बोलता आलं नाही.

डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलंय, गोळ्या सुरू आहेत. मावशी म्हणते गोळ्या सोड, तुळजापूरला ने. तुळजापूरला नेईन, गोळ्या सोडणार नाही. त्यावर वाद नको.

एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासाबद्दल वाचलं. आभार मानावेसे वाटतील अशा पाचेक गोष्टी दर आठवड्याला लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना जास्त बरं वाटलं म्हणे. पण नवरा गेलेल्या बाईला "आभार मान" कसं म्हणायचं?

कुणाच्या घरी असं झालंय का? भजनी मंडळातल्या बाया बोलवायला येतात, माय आत जाऊन झोपते. त्यांना येऊ द्यावं की थांबवावं? परभणी-नांदेडकडे देवधर्माला न हसता ऐकून घेणारे समुपदेशक माहीत असतील तर सांगा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कुणी मराठीत बोललंय का?